कातळावरचे टायर: कॅम्परसाठी एटी निवडताना

माझ्या बोलेरो कॅम्पर पिकअपचे जुने टायर उतरवले तेव्हा त्यांच्यावर साडेचार-पाच मिलिमीटर नक्षी शिल्लक होती. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत टायर चालवता येतो, म्हणजे झिजेच्या हिशेबाने त्यांचं बरंच आयुष्य बाकी होतं. पण एकाच्या साईडवॉलला फुगा आलेला, दुसऱ्याला आतून गेटर, म्हणजे रबरी ठिगळ, लावलेला, आणि तिसऱ्याच्या कुशीत, म्हणजे साईडवॉललाच, इतका खोल कट की आतले धागे दिसत होते. चौथा तेवढा धड होता. एकट्या धड टायरचं काय लोणचं घालायचं?

गाडी सेकंडहँड घेतलेली, फोर-व्हील ड्राइव्ह. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे आणि ती सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे. डांबरी रस्ता सुटला की बागेपर्यंत जो काही रस्ता म्हणायचा तो निव्वळ जांभ्याचा कातळ. ज्यांनी जांभा फक्त घराच्या भिंतीत पाहिला आहे त्यांना तो मऊ, सच्छिद्र, गरीब दगड वाटतो. खाणीतून ओला चिरा काढला तर तो कापायला मऊ असतोच. पण वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाल्लेला सडा वेगळी गोष्ट आहे. वरचा थर लोखंडासारखा कडक होतो, त्याला भोकं पडलेली असतात आणि भोकांच्या कडा धारदार असतात. त्यातून शेजारी चिरेखाण असली तर भरलेल्या ट्रकांच्या चाकांखाली त्या कडा फुटून नवी पाती तयार होत राहतात. पावसाळ्यात यावर गुडघाभर गवत उगवतं आणि सगळं झाकून टाकतं.

आमच्या तिठ्यावर पंक्चर काढणारे एक काका आहेत. फुग्याचा टायर त्यांच्यापुढे टाकला तेव्हा त्यांनी वरची नक्षी पाहिलीसुद्धा नाही. टायर उभा करून कुशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “रे, हयसर टायर झिजान मरनत नाय. कुशीत कापान मरतत. तू वरची बटणां कित्याक बघतंस?”

मी तोवर रोज रात्री मोबाईलवर टायरची बटणं, म्हणजे वरची नक्षीच, बघत बसलो होतो. एटी टायर घ्यायचे हे ठरलेलं होतं. एचटी म्हणजे हायवेसाठीचे, एमटी म्हणजे चिखलासाठीचे आणि एटी म्हणजे ऑल-टेरेन, दोन्हींच्या मधले, इतपत कोणालाही माहीत असतं. पण एटी या दोन अक्षरांखाली काहीही विकलं जातं. हायवे टायरच्या खांद्याला, म्हणजे नक्षीच्या बाहेरच्या कडेला, चार खाचा जास्त पाडल्या तरी तो एटी, आणि जवळजवळ एमटीच असलेलाही एटी. एमआरएफ, अपोलो, सीएट, जेके, योकोहामा, बीएफगुडरिच, सगळ्यांकडे या नावाचं काहीतरी आहे. फोटोत सगळे दणकट दिसतात.

काकांच्या त्या वाक्याने माझा प्रश्न बदलला. कुठल्या टायरची पकड जास्त, हे सोडून कुठल्या टायरची कूस जाड, आणि माझ्या वजनाला ती पुरते का, हे शोधायला लागलो.

त्यासाठी आधी स्वतःचं वजन माहीत हवं. पिकअपवाल्यांचा वजनाचा अंदाज हा शुद्ध श्रद्धेचा विषय असतो. “हजारएक किलो असेल” म्हणणारा बाराशे भरून निघतो, आणि पोलिसाला मात्र आठशे सांगतो. सीझनला क्रेट भरलेले असताना गाडी हायवेवरच्या वजनकाट्यावर घातली. काटेवाल्याला विनंती केली की पूर्ण गाडीचं झालं की फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून एक पावती दे. त्याला हा काय खुळेपणा असं वाटलं, पण दिली. मागच्या अ‍ॅक्सलवर १,६२० किलो. म्हणजे सपाट जागी, गाडी उभी असताना, मागच्या प्रत्येक टायरवर ८१० किलो. ज्याच्याकडे पिकअप आहे त्याने टायर घेण्याआधी एवढं एक काम करावंच. काट्याचे पैसे चहा-भज्यांइतके लागतात.

आता टायरवरची अक्षरं. माझ्या गाडीचा आकार २३५/७५ आर १५. रुंदी २३५ मिलिमीटर, कुशीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १५ इंची. त्यापुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं, ज्याकडे दुकानदारही फारसं बघत नाहीत. तो आकडा लोड इंडेक्स. १०५ म्हणजे एका टायरला ९२५ किलो, १०९ म्हणजे १,०३० किलो. पुढचं अक्षर वेगमर्यादेचं. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर. भरलेली कॅम्पर त्या वेगाला गेलीच तर टायरची काळजी करायला आपण उरणार नाही, म्हणून ते अक्षर मी सोडून दिलं.

वरवर पाहता ९२५ मध्ये ८१० बसतात. पण इथे एक मेख आहे. याच आकाराचे टायर दोन जातींचे मिळतात. एक जात मोटारीच्या धर्तीची. तिच्यात आकाराआधी पी असतो किंवा काहीच नसतं. दुसरी लाईट ट्रकची, तिच्यावर एलटी लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या टायर-मानकांत असा नियम आहे की मोटारीच्या जातीचा टायर पिकअपला लावायचा असेल तर त्याच्या क्षमतेला १.१ ने भागायचं, कारण पिकअपचं वजन हेलकावतं, मागेच एकवटतं आणि लोक ती ओव्हरलोड करतात. आपल्याकडे हा हिशेब कोणी सांगत नाही, पण अमेरिकन माणसापेक्षा आपण कमी भरतो असं मानायला काही आधार नाही. ९२५ ला १.१ ने भागलं की ८४० येतात. माझे ८१०. राहिलं काय? फोंडा घाटात वळणावर गाडी एका बाजूला झुकली की बाहेरच्या टायरवर याहून कितीतरी जास्त येणार.

एलटी जातीच्या टायरवर मात्र १०४/१०१ असा आकडा होता. पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा मागे जोडचाकं असलेल्या गाडीसाठी. कोल्हापूरच्या दुकानात मी हा टायर मागितला तेव्हा मालक हसले. “पाव्हणं, जादा पैसे दिऊन कमी नंबरचा कशाला घेताय? ह्यो बघा एकशे पाच, त्यो एकशे चार.” त्यांचं म्हणणं आकड्यापुरतं बरोबर होतं. १०४ म्हणजे ९०० किलो. पण ते ९०० पिकअपसाठीच मोजलेले, त्यांना पुन्हा भागायचं नाही. आणि ते ५० पौंड हवेवर मोजलेले असतात. मोटारीच्या जातीचा साधा टायर साधारण ३५ पौंडांवर आपली पूर्ण क्षमता गाठतो, त्यापुढे हवा भरून वजन पेलण्याची ताकद वाढत नाही. एलटीचं कवच जास्त हवा धरायला जाड केलेलं असतं, आणि मला हवं होतं ते नेमकं हे जाड कवच. वजनाचा आकडा त्याचा जोडधंदा.

मधली एक वाटही होती, एक्सएल म्हणजे एक्स्ट्रा लोड, १०९ वाली. वजनाचा प्रश्न तिथे सुटतो. कुशीचा सुटतो की नाही हे मात्र टायर हातात घेऊन वाचावं लागतं. बहुतेक टायरच्या कुशीवर, रिमच्या जवळ, मुंगीएवढ्या अक्षरात आतल्या थरांचा हिशेब लिहिलेला असतो. ट्रेडखाली, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली, पॉलिएस्टर किती, स्टील किती, नायलॉन किती, आणि पुढे साईडवॉलमध्ये किती. मी दुकानात मोबाईलचा टॉर्च लावून, उकिडवा बसून, एकेका टायरचं हे वाचत होतो. मालकांचा पोरगा पाण्याची बाटली घेऊन आला आणि बाजूला उभा राहून तोही वाचायला लागला. त्याला हे नवीन होतं. जे टायर फोटोत सगळ्यांत राकट दिसत होते, खांद्यावर दातेरी नक्षी, पांढरी ठसठशीत अक्षरं, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या कुशीत दोनच थर. एलटीच्या कुशीत तीन.

इथे आणखी एका शब्दाने फसायला होतं. टायरवर ६ पीआर (प्लाय रेटिंग) लिहिलेलं असलं म्हणजे आत सहा थर असतात असं नाही. टायरमध्ये सुती धागा वापरत त्या काळचं ते माप आहे. तितक्या सुती थरांची ताकद आजच्या दोन-तीन थरांत येते, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे “सहा प्लायचा आहे साहेब” असं कोणी म्हटलं की पुन्हा ती मुंगीएवढी अक्षरं वाचायची.

मित्रमंडळींचे सल्ले मधल्या काळात चालूच होते. एकाने ३१ इंची घालायला सांगितले, म्हणजे ३१ गुणिले १०.५ आर १५. दिसायला गाडी वाघासारखी दिसते हे खरं. पण माझ्या मूळ टायरचा व्यास ७३३ मिलिमीटर, आणि हा ७८७. सात टक्के मोठा. स्पीडोमीटरवर ६० दिसताना गाडी ६४ ने पळणार हा त्यातला लहान भाग. मोठं चाक म्हणजे प्रत्येक गिअर सात टक्क्यांनी ताठ. भरलेली गाडी घाटात पहिल्या गिअरवर उचलताना ते सात टक्के क्लचच्या डोक्यावर. वर विम्याच्या माणसाने उद्या आकारावर बोट ठेवलं तर वाद घालत बसा. सोडून दिलं.

एमटीचा मोह थोडा जास्त वेळ टिकला, कारण जुलैत बागेच्या खालच्या अंगाला लाल मातीचा जो चिकटा होतो त्यात साधा टायर दोन फेऱ्यांत लाल लाडू होऊन बसतो. एमटीच्या रुंद खाचा फिरताना चिखल फेकून देतात. पण माझी गाडी वर्षातून किती दिवस त्या चिकट्यात असते? बाकी सगळा काळ डांबर आणि आता हायवेचं काँक्रीट. ओल्या गुळगुळीत रस्त्यावर पकड देतात त्या नक्षीच्या गोट्यांवरच्या (ठोकळ्यांवरच्या) बारीक चिरा, आणि एमटीवर त्या कमी असतात. मोठे गोटे, कमी रबर रस्त्याला टेकलेलं. गगनबावड्याच्या धुक्यात, पावसात, मागे टनभर आंबा नाहीतर खत घेऊन ब्रेक दाबताना मला त्या बारीक चिरा हव्यात. चिखलात अडकलो तर फोर-व्हील आहे, दोर आहे, शेजारचा ट्रॅक्टर आहे. घाटात घसरलो तर यातलं काही उपयोगाचं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट मी नक्षीत पाहिली. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे आहेत का? ते असले की खाचेत अडकलेला खडा आत रुतत जाण्याआधी बाहेर ढकलला जातो. जांभ्याची खडी नेमकी खाचेत बसणाऱ्या मापाची असते. ती तशीच राहिली तर रोज थोडी थोडी आत शिरून खालच्या स्टीलच्या पट्ट्यापर्यंत पोचते, तिथून पाणी जातं आणि गंज धरतो. वरून टायर ठणठणीत.

मिळण्याचा प्रश्न वेगळाच. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात परवान्याखाली आणली. तेव्हापासून परदेशी बनावटीचे, त्यातही असे कमी खपाचे आकार, आले तर येतात. एका दुकानात मला हवा तसा एलटी होता, भावही चांगला सांगत होते. कुशीवरचा तारखेचा शिक्का शोधला. लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे ०९२१ होतं. २०२१ च्या नवव्या आठवड्यातला टायर मी २०२४ च्या मार्चमध्ये घेणार? दुकानदार म्हणाले, “वापरलेला न्हाई, नवाच हाय.” वापरला नाही म्हणून रबराचं वय थांबत नाही, आणि माझे टायर तर ऊन खात उभेच राहणार. दुसऱ्या दुकानात भाव जास्त होता, पण शिक्का ४८२३. तिथे घेतले. टायर आयएसआय शिक्क्याचे आहेत हेही बघून घेतलं.

कंपनीचं नाव सगळे विचारतात. मी सांगायचं टाळतो, कारण त्याच कंपनीचा, त्याच नावाचा, त्याच नक्षीचा टायर एका आकारात दोन थरांच्या कुशीचा आणि दुसऱ्या आकारात तीन थरांचा निघतो. नाव ऐकून कोणी आपल्या गाडीच्या आकारात तोच घेतला आणि कुशीत दोनच थर निघाले तर माझ्या सल्ल्याचा काय उपयोग?

पैशाचं बोलायचं तर मोटारीच्या जातीच्या देशी एटीपेक्षा हे टायर चांगलेच महाग पडले. त्यात मी चार नाही, पाच घेतले. कॅम्परची फोर-व्हील साधी आहे, पुढची-मागची चाकं एकत्र बांधणारी. पुढच्या आणि मागच्या टायरच्या व्यासात फरक असला आणि कोरड्या कठीण जमिनीवर फोर-व्हील टाकली, तर मधल्या गिअरबॉक्समध्ये ताण साठत जातो. स्टेपनी वेगळ्या जातीची किंवा अर्धी झिजलेली ठेवली तर कातळावर टायर बदलल्यानंतर फोर-व्हील वापरायचीच नाही, आणि तिथेच तर ती लागते. चाकांच्या जागा आलटून-पालटून बदलतो त्या फेरबदलात पाचवा टायरही घालतो, म्हणून पाची सारखे झिजतात. तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला. दहा टक्के स्वस्त झाले असं सगळे म्हणतात, पण १२८ चे ११८ होणं म्हणजे बिलात पावणेआठ टक्क्यांच्या आसपास फरक. तोही काही कमी नाही.

पहिले काही आठवडे मी घरच्यांच्या शिव्या खाल्ल्या. रिकामी गाडी या टायरांवर लाकडी चाकांच्या बैलगाडीसारखी चालते. एकेक टायर जुन्यापेक्षा चार-पाच किलो जड. स्टिअरिंग सुस्त झालं. अ‍ॅव्हरेज लिटरमागे अर्धा-पाऊण किलोमीटरने कमी झालं. काँक्रीटवर सत्तरच्या पुढे एक गुणगुण सुरू होते, ती केबिनमध्ये गाणी लावली की ऐकू येत नाही, पण बायकोला येते.

यातली निम्मी तक्रार हवेने सुटली. टायर बसवणाऱ्या पोराने सवयीने चारही चाकांत ३५ भरले होते. रिकाम्या गाडीला मागे तेवढे नको होते आणि भरलेल्या गाडीला ते पुरत नव्हते. आता रिकामी असताना मागे ३० ते ३२, पुढे ३५. माल भरला की मागे ४८. बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर सीटखाली ठेवला आहे, कारण बागेत भरलेल्या गाडीला हवा घालायला पंप तिकडे येणार नाही. कमी हवेवर भरलेली गाडी मे महिन्याच्या उन्हात हायवेवर पळवली की कूस सतत दुमडून तापते, आणि टायर फुटतात ते बहुतेक या तापण्याने.

कातळावर हवा किती कमी करायची यावर माझं जीपवाल्या हौशी मंडळींशी पटत नाही. ते अठरा-वीसवर आणतात. वाळूत, चिखलात ते योग्य आहे, टायर पसरतो आणि तरंगतो. पण हवा कमी केली की कूस बाहेर फुगते, आणि आमच्याकडे धारदार कडा बाजूनेच लागतात. मी २६-२८ च्या खाली जात नाही. त्याऐवजी वेग कमी करतो, आणि दगड चुकवण्याऐवजी चाक सरळ त्याच्यावर चढवतो. वरून चढलं तर ट्रेड लागतो, बाजूने घासलं तर कूस. गाडी चालवणाऱ्या आमच्या बाबल्याला ही एक सवय लावायला टायर निवडण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

टायर बसवून पहिला सीझन पूर्ण भारात गेला, त्यानंतरचा पावसाळाही. एका टायरच्या कुशीवर बोटभर लांबीचा ओरखडा आहे, वरच्या रबरात, धाग्यापर्यंत गेलेला नाही. काकांनी नख घालून पाहिलं आणि “चलतला” म्हणाले. ट्रेडमध्ये एक पंक्चर झालं, खिळ्याचं, तेही कणकवलीच्या बाजारात. लाल चिकट्यात दोनदा रुतलो. एकदा फोर-व्हीलने निघालो, एकदा ट्रॅक्टरने. एमटी असते तर कदाचित दुसऱ्यांदाही निघालो असतो. पुढच्या टायरांचे बाहेरचे खांदे मधल्या भागापेक्षा लवकर झिजताना दिसले, तेव्हा अलाइनमेंट करून घेतली आणि फेरबदल दहा हजारऐवजी आठ हजार किलोमीटरवर आणला. घाटात वळणं घेणाऱ्या जड गाडीला हे होणारच.

माझा चुलतभाऊ कुडाळला असतो, त्याच्याकडेही पिकअप आहे, किराणा-बिस्किटांची डिलिव्हरी करतो. माझे टायर पाहून त्यालाही हेच हवे होते. त्याला म्हटलं, आधी काट्यावर जा आणि जुने टायर कुठून गेलेत ते बघ. त्याचे पाची टायर मधोमध एकसारखे गुळगुळीत झालेले, कुशी कोऱ्या. दिवसभर डांबरावर, वजन जेमतेम सहाशे किलो, माती बघायला मिळते ती फक्त गोदामाच्या आवारात. त्याने साधे एचटी घेतले, आणि उरलेल्या पैशांतून मागचे स्प्रिंगचे पाटे बदलले, ते केव्हाचे बसले होते.